अंजनाच्या पाटीचा पंचनामा

मी तीस वर्षांहून अधिक काळ तलाठी म्हणून नोकरी केली आणि त्या काळात सातबाऱ्याच्या उताऱ्यांवर शेकडो झाडांची नोंद केली. ‘अंजन दोन, निंब चार, बोर एक’ अशा ओळी मी इतक्या वेळा लिहिल्या आहेत की त्या आजही झोपेत लिहू शकेन. परंतु त्यांतले अंजनाचे झाड मी कधी निरखून पाहिले होते का, असा प्रश्न कोणी विचारला असता तर मला मान खाली घालावी लागली असती. शेतकऱ्याने सांगायचे, कोतवालाने दुजोरा द्यायचा आणि मी लिहायचे, अशी आमची रीत होती. धुळ्याला राहणारा माझा शाळेपासूनचा मित्र वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि तोही आता निवृत्त झाला आहे. गेल्या जानेवारीत त्याने मला दूरध्वनी करून सांगितले, ‘‘थंडी आहे तोवर ये. एक दिवस बागेत काढू. तू आयुष्यभर कागदावर लावलेली झाडे तुला जमिनीवर दाखवतो.’’ त्या एका दिवसाचा आणि त्यानंतरच्या सुमारे तीन आठवड्यांचा हा वृत्तान्त आहे.

सकाळी सहाच्या एसटीने मी जळगावहून निघालो. खानदेशाचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असतो, पण आमच्या हिवाळ्याची कीर्ती तितकी पसरलेली नाही. बसच्या खिडकीची काच पूर्ण बंद होत नव्हती आणि बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडताना आत शिरलेला वारा कानटोपीलाही जुमानत नव्हता. एरंडोल मागे पडल्यावर उजाडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा आणि दादर ज्वारी उभी होती. काही शेतांत कापसाची वेचणी संपून पऱ्हाट्या उपटलेल्या होत्या आणि त्यांचे ढीग बांधावर रचून ठेवले होते. पारोळा, फागणे अशी गावे घेत बस साडेआठच्या सुमारास धुळ्यात पोहोचली. मित्र स्थानकावर उभा होता. त्याच्या खांद्याला एक जुनी शबनम पिशवी होती आणि काखेत दोन लाकडी जाळ्या पट्ट्यांनी आवळून धरलेल्या होत्या. ते वनस्पती दाबण्याचे यंत्र आहे, हे मला नंतर कळले. प्रथमदर्शनी मला ती मोडलेल्या खाटेची चौकट वाटली.

ज्या बागेत आम्ही गेलो ती त्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाची वनस्पती बाग आहे. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जी चूक सांगायची आहे ती कोणाला खाली पाहायला लावण्यासाठी सांगायची नाही, आणि अशी चूक कोणत्याही बागेत सापडू शकते. बाग सुमारे चार एकरांची आहे. प्रवेशाशी गुलाबांचे वाफे, एका अंगाला निवडुंगांचा दगडी चौथरा, पाणवनस्पतींची दोन सिमेंटची टाकी, नेच्यांसाठी हिरव्या जाळीचे छत, आणि त्यामागे वृक्षांचा विस्तीर्ण भाग आहे. फांदी तोडायची असल्यास परवानगी लागते. ती मित्राने विभागप्रमुखांकडून आधीच लेखी घेतली होती. पंचवीसेक वर्षे तेथे काम करणारे एक माळीबाबा आमच्याबरोबर फिरायला निघाले.

आत शिरण्यापूर्वी मित्राने मला एक वही दिली आणि दोन अटी घातल्या. पहिल्या फेरीत कोणत्याही झाडाचे नाव उच्चारायचे नाही, आणि झाडावरची पाटी वाचायची नाही. प्रत्येक झाडापुढे उभे राहून फक्त दिसेल ते लिहायचे: साल कशी आहे, पाने आहेत की गळली आहेत, असल्यास ती फांदीवर कशी मांडलेली आहेत, काटे आहेत का, पान तोडल्यास चीक येतो का, फूल किंवा फळ काही आहे का. ‘‘नाव कळले की माणूस पाहणे थांबवतो,’’ एवढेच कारण त्याने दिले. मला ही पद्धत लगेच पटली, कारण आमच्या खात्यातही पंचनाम्यात आधी चतुःसीमा लिहितात आणि कोणाचा हक्क ते मागाहून पाहतात.

हिवाळाच का, असे मी त्याला विचारले होते. पावसाळ्यात बाग अधिक शोभिवंत दिसली असती असे मला वाटत होते. त्याचे म्हणणे असे पडले की पावसाळ्यात सगळीच झाडे हिरवी असतात आणि नवशिक्याला सगळे हिरवे सारखेच दिसते. आमच्याकडची रानझाडे पानगळीची असल्यामुळे जानेवारीत प्रत्येक जण वेगवेगळ्या अवस्थेत सापडतो. एक पूर्ण नागडा, एक अर्धा, एक अजून पाने धरून बसलेला, एक नुसत्या कळ्यांवर आलेला. गळलेल्या पानांचे व्रण फांदीवर स्पष्ट दिसतात, कळ्या कुठे बसल्या आहेत ते दिसते आणि झाडाचा मूळ सांगाडा समोर येतो.

याचा प्रत्यय पहिल्याच झाडापाशी आला. पांढुरकी, गुळगुळीत, किंचित गुलाबी झाक असलेली आणि कागदासारखे पापुद्रे सुटणारी साल. एकही पान नाही. फांद्यांच्या टोकांना पिवळसर बारीक फुलांचे झुपके. मी वहीत ‘पांढरे भूत’ असे लिहिले आणि खोडले, कारण दिसेल तेच लिहायचे होते. तो कांडोळ होता. काही भागांत त्याला खरोखरच भुत्या म्हणतात, हे मागाहून कळल्यावर खोडलेले शब्द पुन्हा लिहावेत असे वाटले. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘युरेन्स’ या शब्दाचा अर्थ आग करणारा असा आहे, आणि तो त्याच्या फळांवरच्या खाजऱ्या केसांमुळे पडला आहे. याच झाडाचा डिंक बाजारात कांडोळाचा डिंक म्हणून येतो. त्याच्या पलीकडे सलई उभी होती. तिचीही साल पापुद्र्यांनी सुटत होती, परंतु रंग हिरवट-राखाडी होता, आणि माळीबाबांनी एक पापुद्रा सोलून हातात दिला तेव्हा धुपासारखा वास आला. सातपुड्यात सलईच्या राळेचा धूप करतात, हे मला ठाऊक होते. झाड मात्र मी त्या दिवशी प्रथम ओळखले, म्हणजे नाव न घेता ओळखले.

पळसापाशी मी बराच वेळ थांबलो. पळस म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे फाल्गुनातला लालभडक पळस असतो. जानेवारीत मात्र त्याच्या फांद्यांवर काळपट तपकिरी, मखमली लव असलेल्या कळ्या ओळीने बसलेल्या होत्या आणि खाली काही जुनी, वाळकी तीन-तीन पाने लोंबत होती. झाडाखालच्या पाचोळ्यात मागल्या वर्षीची एक चपटी शेंग सापडली. मित्राने ती उजेडात धरायला सांगितली. शेंग चांगली लांब असूनही बी एकच, आणि तेही अगदी टोकाला. बाकीची सगळी शेंग म्हणजे वाऱ्यावर तरंगण्यासाठी केलेले पातळ पान. आम्ही लहानपणी जिला पळसपापडी म्हणत असू ती हीच. ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ या नावातील ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एकबीजी. मी वहीत ‘बी एक, टोकाशी’ असे नोंदवले. ही नोंद पुढे तासाभरात कामी येणार होती.

निवडुंगांचा चौथरा आणि पाण्याची टाकी आम्ही भरभर पाहिली. नक्षत्रवनापाशी मात्र माझ्या मित्राचा आवाज थोडा चढला. अलीकडे प्रत्येक बागेत सत्तावीस नक्षत्रांचे सत्तावीस वृक्ष लावण्याची पद्धत पडली आहे, आणि त्यांची यादी करताना आमच्या हवेचा विचार कोणीही करत नाही. रोहिणीचे जांभूळ, कृत्तिकेचे उंबर, मृगाचा खैर ही मंडळी येथे सुखाने वाढतात. परंतु आर्द्रेच्या वाट्याला येणारा कृष्णागरू हा आसामच्या ओल्या जंगलातला वृक्ष आहे आणि विशाखेचा नागकेशर हा सदाहरित, भरपूर पावसाच्या वनातला. या बागेत आर्द्रेच्या आळ्यात वाळलेली काठी होती आणि नागकेशराच्या जागी कोणीतरी सरळ अशोक लावून टाकला होता. ‘‘खानदेशात लावायची तर सावर लावा, अंजन लावा, धावडा लावा,’’ असे तो म्हणाला आणि लगेच जीभ चावून गप्प झाला, कारण त्याने स्वतःच घालून दिलेली अट मोडली होती. अंजन हे नाव त्याच्या तोंडून गेले होते आणि पुढचेच झाड ते होते.

हे झाड नीट सांगायला हवे. उंची चाळीसेक फूट, खोडाची साल गडद राखाडी आणि उभ्या भेगा पडलेली, वरच्या फांद्या बारीक होत जाऊन खाली झुकलेल्या. आजूबाजूची झाडे उघडी पडलेली असताना हे मात्र करड्या-हिरव्या पानांनी भरलेले होते. मी खालची एक फांदी हातात घेऊन वहीत लिहिले: ‘काटे नाहीत. चीक नाही. पाने साधी, बिनदेठाची, समोरासमोर, मूत्रपिंडाच्या आकाराची. शेंगा आहेत, चपट्या, अजून हिरव्या.’ लिहून झाल्यावर, अट आधीच मोडली गेली आहे असे समजून, मी खोडाला ठोकलेल्या पत्र्याच्या पाटीकडे पाहिले. तिच्यावर मराठीत ‘अंजन’ असे होते आणि त्याखाली शास्त्रीय नाव रंगवलेले होते: मेमेसायलॉन अंबेलॅटम.

मित्राने पाटी वाचली, काही बोलला नाही, आणि पिशवीतून एक जाड, पाठ फाटलेली वनस्पतिसूची काढून मला त्या नावापुढचे वर्णन मराठीत सांगितले. पाने साधी, समोरासमोर, चामड्यासारखी. मी माझ्या वहीशी ताडून पाहिले आणि समाधानाने सांगितले की पाटी बरोबर आहे. पान साधे, समोरासमोर, सगळे जुळते. त्यावर त्याने विचारले, ‘‘कळी कुठे आहे ती दाखव.’’

येथे मी खरे काम शिकलो. पानाच्या देठाचा आणि फांदीचा जो कोन होतो, ज्याला पानाची बगल म्हणतात, त्या बगलेत एक बारीक कळी असते आणि तिच्यातून पुढे नवी फांदी किंवा फूल निघते. जेथे कळी आहे तेथून पुढचे सगळे मिळून एक पान. पान संयुक्त असेल, म्हणजे त्याला अनेक दले असतील, तर दलाच्या बुडाशी कळी सापडत नाही. कळी सापडते ती सबंध पानाच्या बुडाशी. त्याने दिलेल्या भिंगातून मी पाहू लागलो. ज्यांना मी समोरासमोरची दोन पाने समजत होतो त्यांपैकी एकाच्याही बुडाशी कळी नव्हती. ती दोन्ही एका आखूड देठाच्या टोकाला बसलेली होती, त्यांच्या मधोमध केसासारखे एक सूक्ष्म टोक होते, आणि तो देठ जेथे फांदीला मिळत होता तेथे, नेमकी बगलेत, कळी होती. म्हणजे मी ज्यांना दोन पाने म्हणत होतो ती एका पानाची दोन दले होती. मग पुढचे पान पाहिले तर ते फांदीच्या दुसऱ्या बाजूला, थोडे वर होते. पाने समोरासमोर नव्हतीच, एकाआड एक होती. माझ्या पंचनाम्यातील ‘साधी’ आणि ‘समोरासमोर’ हे दोन्ही शब्द चुकले होते आणि ते दोन्ही चुकल्यामुळेच चुकीच्या पाटीशी नेमके जुळले होते.

माझी चूक एवढ्यावर थांबत नव्हती. मित्राने वहीतली शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावली. मी स्वतः ‘शेंगा’ असे लिहिले होते. मेमेसायलॉनला शेंग येतच नाही; त्याला वाटाण्याएवढे, पिकल्यावर काळसर जांभळे होणारे गोल फळ येते. म्हणजे माझ्याच हस्ताक्षरातील दोन ओळी एकमेकींना खोट्या पाडत होत्या, आणि पाटीवरच्या नावाने भारावून मी त्या दोन्हींवर सही करायला निघालो होतो. एक शेंग उजेडात धरली. बी एक, टोकाशी. पळसासारखेच.

आमचा हा खल चालू असताना माळीबाबा शांतपणे उभे होते. शेवटी ते म्हणाले, ‘‘हाऊ अंजन शे, भाऊ. याना पाला ढोरे खातस. पाटीवर काय लिखेल शे ते माले माहीत नही.’’ आणि तेच बरोबर होते. मराठी नाव अचूक होते, चूक त्याखालच्या नावात होती. ती कशी झाली असावी हे मित्राने सांगितले. मराठीत अंजन किंवा अंजनी या नावाची दोन वेगवेगळी झाडे आहेत. माथेरान-महाबळेश्वरच्या पावसाळी जंगलात जे अंजन किंवा अंजनी म्हणून ओळखले जाते, ज्याला फांद्यांवर निळ्या फुलांचे घोस येतात, ते मेमेसायलॉन. खानदेशातील, सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरड्या, खडकाळ जमिनीतील अंजन म्हणजे हार्डविकिया बिनाटा. पाट्या रंगवून घेताना कोणीतरी ‘अंजन’ हा शब्द शोधला असेल आणि समोर आलेले पहिले नाव उतरवून घेतले असेल. दोघांचे लाकूड कठीण असते, एवढे सोडले तर त्यांच्यात काही नाते नाही. एक शेंगांच्या कुळातले आहे आणि दुसरे सर्वस्वी वेगळ्या कुळातले.

हार्डविकिया हे नाव विल्यम रॉक्सबर्ग यांनी ठेवले. १७९३पासून ते कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. थॉमस हार्डविक या कंपनी सरकारच्या सेनाधिकाऱ्याच्या सन्मानार्थ त्यांनी ते दिले. ‘बिनाटा’ म्हणजे जोडीने असलेले. ज्या गोष्टीसाठी मला भिंग आणि पाऊण तास लागला ती त्या नावातच लिहिलेली होती. या झाडाचे लाकूड भारतातील सर्वांत जड आणि कठीण लाकडांमध्ये गणले जाते. ते पाण्यात बुडते. पूर्वी घरांचे खांब, गाडीचे आस आणि तेलाच्या घाण्याचे भाग त्याचे करत असत, सालीच्या धाग्याचे दोर वळत असत, आणि दुष्काळात फांद्या छाटून पाला गुरांना घालत असत. सातबाऱ्यावर अंजनाची नोंद का ठेवत असत, याचा उलगडा मला निवृत्तीनंतर सहा वर्षांनी झाला. पिंपळनेर, पळासनेर, बोरकुंड, निमगूळ, अंजनविहिरे अशी झाडांची नावे ल्यालेली कितीतरी गावे आमच्या भागात आहेत. त्यांतल्या काहींच्या हद्दीत आता नावातले झाडच शोधावे लागेल, अशी मला शंका आहे.

प्रकरण पक्के करण्यासाठी मित्राने मला बागेतील आणखी दोन जोडपानी झाडांपुढे नेले. पहिले हिंगणबेट. त्याचेही पान दोन दलांचे असते, कळीची परीक्षा तेथेही तशीच उतरली. परंतु फांद्यांवर लांब, सरळ, हिरवे काटे होते, आणि खाली खजुराएवढी पिवळी फळे पडलेली होती, ज्यांच्या गराचा साबणासारखा फेस होतो. दुसरा आपटा. त्याचे पान मधोमध चिरलेले, पण बुडाशी जोडलेले. म्हणजे दोन दले नाहीत, एकच दुभंगलेले पान. आपट्याच्या शास्त्रीय नावातील बाउहिनिया हा शब्द बाउहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून लिनियसने योजला, आणि दोन भाग असलेले पान दोघा भावांना शोभले. दसऱ्याला सोने म्हणून कांचनाची मोठाली पाने वाटणाऱ्यांविषयी मित्र येथे पाच मिनिटे बोलला. ते मी गाळतो. मला मात्र आता तीन झाडे दोन प्रश्नांत वेगळी करता येत होती. काटे आहेत का? असल्यास हिंगणबेट. नसल्यास, पानाचे दोन भाग बुडाशी जोडलेले आहेत का? असल्यास आपटा, नसल्यास अंजन. वनस्पतिशास्त्रात अशा प्रश्नमालिकेला किल्ली म्हणतात. ती तीन झाडांपुरतीच चालते, बागेबाहेर पडताच तुटते, असा इशाराही त्याने दिला.

दुपारी एक वाजता आम्ही अंजनाखालीच जेवायला बसलो. वहिनींनी पऱ्हाट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, कळण्याच्या भाकरी आणि कांद्याची पात दिली होती. माळीबाबांनी घरची शेंगदाण्याची चटणी आणली होती. हिवाळ्यातल्या खानदेशी भरताविषयी खानदेशी माणसाने लिहू नये, कारण तो थांबत नाही; म्हणून मी थांबतो.

जेवणानंतर नमुना गोळा केला. सिकेटरने एक वितीपेक्षा थोडी मोठी फांदी कापली. तिला पाने आणि शेंगा दोन्ही असतील अशी. नुसते पान गोळा करून उपयोग नसतो, फांदीवरची मांडणी दिसावी लागते. फूल मिळणे शक्य नव्हते, कारण अंजन पावसाळ्यात फुलते. कापल्यावर पहिले काम म्हणजे क्रमांक देणे. गोळा करणाऱ्याचा क्रमांक त्याच्या हयातीत पुन्हा वापरायचा नसतो. मित्राचा त्या दिवशीचा क्रमांक चार हजारांच्या पुढे होता. माझा एक होता. मग वहीत जागेवरच नोंद: ठिकाण, तारीख, जमीन, उंची, सालीचा रंग, शेंगांचा रंग. घरी गेल्यावर आठवून लिहू असे म्हणणाऱ्यांचे नमुने निरुपयोगी ठरतात, कारण वाळल्यावर रंग जातो आणि झाडाची उंची तर कागदावर दिसतच नाही. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरली, एक पान उलटे केले म्हणजे पाठीमागच्या शिरा दिसाव्यात, आणि ती घडी लाकडी जाळ्यांत घालून पट्टे आवळले. मित्राने ते यंत्र मला घरी न्यायला दिले. परतीच्या बसमध्ये वाहकाने त्याचे अर्धे तिकीट लागेल की काय, असा विचार करत दोनदा पाहिले.

पुढचे तीन आठवडे घरचे होते. पहिल्या दिवशी चोवीस तासांनी कागद बदलायचे, कारण सर्वांत जास्त पाणी तेव्हाच सुटते. नंतर दोन-तीन दिवसांनी बदलत राहायचे. आमच्याकडची हिवाळी हवा कोरडी असल्याने काम सोपे होते, तरीही मी ते बिघडवले. तिसऱ्या दिवशी पाचोऱ्याला लग्नाला गेलो, तेथे दोन मुक्काम झाले, आणि परत येऊन पट्टे सोडले तेव्हा पाने चांगली होती परंतु दोन हिरव्या शेंगा दमट कागदात काळ्या पडल्या होत्या. एक वाचली होती, तेवढ्यावर निभावले. नमुना वाळल्यावर तो साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद अशा जाड पांढऱ्या कागदावर लावायचा असतो. पाने डिंकाने, फांदी दोऱ्याच्या टाक्यांनी. सुटी झालेली शेंग टाकून न देता कागदाच्या लहान पाकिटात घालून कोपऱ्यात चिकटवतात. पूर्वी कीड लागू नये म्हणून पारायुक्त विषारी द्रावण वापरत. घरी तसले काही करायचे नाही असे मित्राने निक्षून सांगितले होते आणि त्याऐवजी नमुना पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितले होते. आमच्या फ्रीजरात तो मावेना. शेवटी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या मोठ्या पेटीत त्याची सोय झाली.

उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात नामचिठ्ठी लावतात. ती मी माझ्या जुन्या, सरकारी वळणाच्या अक्षरात लिहिली. शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, ठिकाण, दिनांक, टीप, गोळा करणाऱ्याचे नाव, क्रमांक. ‘निश्चिती करणारा’ या रकान्यात मी मित्राचे नाव घालू लागलो तेव्हा त्याने अडवले. कळी तू शोधलीस, म्हणाला. मी तेथे दोघांची नावे लिहिली.

मग विभागप्रमुखांना पत्र पाठवले. त्याबरोबर नमुन्याचे छायाचित्र जोडले आणि पाटीवरील नोंद व प्रत्यक्ष झाड यांतील तफावत मुद्देवार दाखवली. थोडक्यात, फेरफाराचा अर्जच होता तो. खिळ्यांविषयी मित्राने दोन ओळी स्वतंत्रपणे घातल्या. पाटी ठोकलेले खिळे सालीने निम्मे गिळले होते, आणि पाट्या जमिनीत रोवलेल्या दांड्यांवर असाव्यात असे त्याचे जुने मत आहे. महिनाभर काही उत्तर आले नाही. होळीच्या आसपास मित्राने दूरध्वनी करून सांगितले की पाटी काढली आहे. खिळे निघाले नाहीत, माळीबाबांनी त्यांची डोकी कापून टाकली. नवी पाटी रंगवायला दिली आहे की नाही, हे कोणी सांगत नाही. नक्षत्रवनातल्या आर्द्रेच्या आळ्यात मात्र काठी जाऊन तेथे नवे रोप आले आहे, आणि ते पुन्हा कृष्णागरूचेच आहे.

माझ्या क्रमांक एकच्या नामचिठ्ठीवर ‘फूल’ या शब्दापुढे मी शिसपेन्सिलीने ‘पाहिलेले नाही’ असे लिहून ठेवले आहे. ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा जायचे ठरले आहे. अंजनाची फुले बारीक, फिकट पिवळसर असतात आणि लक्ष न दिल्यास दिसतही नाहीत, असे मित्र म्हणतो. भिंग मी या वेळी स्वतःचे घेतले आहे.